जांभळावरचा राघू

आमचा राघू जांभळाच्या शेंड्यावर जाऊन बसला तेव्हा दुपार होती आणि लोडशेडिंग चालू होतं. नारपोलीत त्या वर्षांत रोज काही तास लाईट नसायचीच. बाहेरच्यांना वाटायचं, काय हाल असतील यांचे. हाल कसले! आमच्या भिंतीला चिकटून लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड होती, आमच्याच जागेवर, भाड्याने दिलेली. लाईट गेली की लूम बंद पडायचे आणि घरातल्या माणसाला घरातल्या माणसाचा आवाज ऐकू यायचा. एरवी आम्ही इतकं ओरडून बोलायचो, की नव्या पाहुण्यांना वाटायचं, इथे भांडण जुंपलंय.

लाईट गेली की राघूला पिंजऱ्यातून सोडायचं, हा घरचा नेम होता. पंखा बंद, म्हणजे पात्याची भीती नाही. दारं-खिडक्या लावून आम्ही घामाने निथळत बसायचो आणि साहेब कपाटावरून टीव्हीवर, टीव्हीवरून बाबांच्या खांद्यावर. लाईट आली, पलीकडे खटाखट सुरू झाली, की स्वारी आपणहून पिंजऱ्यात जायची. कारण तेव्हा मिरची मिळायची.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. काठी टेकत ते चालायला लागले, पण जीभ काही वळेना. डॉक्टर म्हणाले, चुकलं तरी बोलत राहा, सोडलंत तर आहे तेवढंही जाईल. सांगायला सोपं आहे. ज्या माणसाच्या गाण्याशिवाय गावातली हळद रंगत नव्हती, त्याच्या तोंडून 'पाणी'च्या जागी 'फाई' निघायचं. दोनदा-तीनदा तसं झालं आणि त्यांनी आमच्यासमोर तोंड उघडणंच बंद केलं. आई रोज विनवायची, मी रोज चिडायचे.

मग एकदा लाईट गेलेली असताना राघू टीव्हीवर बसून म्हणाला, "फाई... फाई दे." तोच अडखळा, तोच ओढलेला सूर. लूम चालू असताना, कोणालाच काही ऐकू येत नसताना, बाबा पिंजऱ्याजवळ बसून त्याच्याशी बोलत होते! आईने पदर तोंडाला लावला. हसली की रडली, तिचं तिलाच माहीत. आम्ही बाबांना एका शब्दाने विचारलं नाही. पुढे राघूच्या तोंडी 'च्या' आला, 'बस' आलं, चक्क माझं घरातलं लाडाचं नावही आलं. बाबांचं प्रगतिपुस्तक ते.

आणि तो राघू उडाला. आमच्या गल्लीत कोणी दार वाजवून येत नाही. लूमच्या आवाजात ऐकणार कोण? सरळ ढकलायचं आणि आत यायचं. शेजारच्या काकू पोरीच्या हळदीचं आमंत्रण घेऊन आल्या त्या अशाच, लाईट नसतानाही. त्यांच्या डोक्यावरून हिरवं काहीतरी गेलं आणि त्या किंचाळल्या. त्यांना बोल तरी काय लावणार?

आमची शेती गेली, शेडी आल्या, त्यात हे एकच जांभळाचं झाड उरलं होतं, चांगलं तिमजली उंच. गल्ली जमली. कोणी म्हणालं आरसा दाखवा, कोणी म्हणालं पाण्याचा फवारा मारा. फुकटच्या सल्ल्याला काय तोटा! शेडमधला एक कारीगर लुंगी खोचून चढला. जांभळाचं लाकूड ठिसूळ. त्याच्या पायाखालची फांदी कडाडली आणि आईचा जीव वर-खाली झाला.

"उतर रे, भाई, उतर! हातपाय मोडून घेशील पोपटापायी," ती खालून ओरडली.

"चाची, थोडा ही रह गया."

"न्हाय म्हनतंय ना! नीचे आओ!"

तो उतरला. वर कावळे जमायला लागले होते. बाबा काठी टेकत बाहेर आले आणि झाडाखाली उभे राहिले. चेहरा पांढराफटक. आईने पिंजरा आणून शेजारच्या बुटक्या भिंतीवर ठेवला, दार उघडं करून आत मिरची टाकली.

"लाईट येव दे," ती बाबांना म्हणाली. "लूम चालू झालं का सोताच येल तो. जातंय कुठं!"

मला ते पटलं. त्या दिवसात मला पटलेली तेवढी एकच गोष्ट.

लाईट आली. शेडमध्ये खटाखट सुरू झाली. राघूने मान तिरकी केली आणि एक फांदी खाली आला. मग आणखी एक. सवय म्हणजे सवय! बाबांनी मान वर केली, तोंड उघडलं आणि ते त्याला बोलवायला लागले. मी हातभर अंतरावर होते, तरी मला अक्षर ऐकू येत नव्हतं. मानेच्या शिरा ताणलेल्या, हात वर केलेला. सगळ्या गल्लीसमोर माझे बाबा बोलत होते. मी राघूला विसरून त्यांच्याकडेच बघत राहिले.

राघू पिंजऱ्यावरच्या फांदीवर आला. आता एक उडी.

तेवढ्यात लाईट पुन्हा गेली. सगळे लूम एका दमात थांबले. त्या शांततेत एकच आवाज उरला, फाटका, लाळेने भिजलेला, अजून पूर्ण जोरात, "ये ये... फाई... फाई देओ ले..."

सगळी गल्ली वळली. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वाईट मनाने हसलं नसेल, पण हसलं. आणि राघूला बिचाऱ्याला एवढंच ठाऊक, की लूम थांबले म्हणजे आपली सुट्टी. तो उडाला, शेडींच्या पत्र्यांवरून धामणकर नाक्याच्या बाजूला गेला, कावळे त्याच्या मागे.

बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते लोकांकडे बघत होते. मग त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि घरात गेले.

संध्याकाळी लाईट आली. "च्या टाकू का?" आईने ओरडून विचारलं. बाबांनी हाताने 'टाक' अशी खूण केली. दुसरा राघू आणायचं तिने काढलं, तेव्हाही हातानेच नको म्हणाले. पुढे ते बरीच वर्षं जगले. लूम चालू असले की मी मुद्दाम त्यांच्या समोरून जायचे आणि त्यांच्या ओठांकडे बघायचे. ते हलत नसायचे.