कुठल्या रस्त्याने आलात?

आमच्या भावोजींइतका रस्त्यांच्या बाबतीत चौकस माणूस अख्ख्या आयर्लंडमध्ये सापडायचा नाही. मी लिक्सलिपहून मलिंगारला ताईकडे गेले की अंगातला कोट निघायच्या आत विचारणार, "हायवेने आलीस की किनेगाडवरून जुन्या रस्त्याने?" मग कुठे गर्दी लागली, कुठल्या चौकात वळलीस, चहाला थांबलीस का, कोणाबरोबर? पाणी नंतर. एकदा पत्ता चुकून आलेल्या बिचाऱ्या पोस्टमनलाही त्यांनी सोडलं नाही. तो आपला हसतमुखाने सगळं सांगून, "ग्रँड, ग्रँड" असं इथलं 'ठीक आहे' म्हणत गेला.

आणि गंमत अशी की हे गृहस्थ पोटासाठी फिजिक्स शिकवतात, तेही उजेडाच्या वाटांचं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मला स्वयंपाकघरातच प्रयोग करून दाखवला. पडदे ओढले, लेझरसमोर एक बारीक तार उभी केली. उजेड तारेच्या डावीकडूनही गेला नि उजवीकडूनही, आणि समोरच्या प्रेसच्या, म्हणजे कपाटाच्या, दारावर छान काळे-लाल पट्टे उमटले. मग त्यांनी डाव्या वाटेवर उजेडाची फक्त उभी थरथर जाऊ देणारा एक फिल्टर लावला नि उजव्या वाटेवर तसलाच, पण आडवा. झालं, पट्टे गायब! नुसता लाल डाग.

"कोण कुठून आलं याची खूण लागली ना," भावोजी खुशीत म्हणाले. "कोणी बघायलाही नको. नुसतं कळण्याजोगं झालं, की संपलं. वाट विचारायचीच नाही."

ताई पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मग लेकीला का विचारता?"

भावोजींनी पडदे उघडले. लेक गॉलवेला शिकते. ती निघाली की यांचे फोन सुरू: बस कुठली, शेजारी कोण, अ‍ॅथलोन आलं का. "बाबा, आय अ‍ॅम नॉट अ पार्सल," असं एकदा म्हणाली, आणि तीन महिने घरी फिरकली नव्हती. ताई रोज तिची खोली झाडायची.

दिवाळीला ती आली. मी तिथेच होते. भावोजींनी दार उघडलं, तोंडही उघडलं, आणि मिटलं. "ये," एवढंच म्हणाले नि बॅग घेतली. जेवताना त्यांचा जीव नुसता खालीवर होत होता. दोनदा उगाच उठून पाणी प्यायले, पण विचारलं नाही.

जेवणं झाल्यावर ती त्यांच्याबरोबर भांडी पुसायला उभी राहिली आणि आपणहून बोलायला लागली. बस, मैत्रीण, नापास झालेला एक पेपर, रडून काढलेला एक आठवडा, सगळं सांगितलं. आपल्या त्या आयरिश इंग्रजीत, मध्येच "बाबा" म्हणत. भावोजी फक्त "हं" म्हणत होते.

मला माझे बाबा आठवले. त्यांनी इतकं विचारलं नसतं, तर मीही त्यांना बरंच सांगितलं असतं.