मान किती मागे गेली?

दाताच्या डॉक्टरला सगळं गाव ओळखतं. त्याने बसवलेले दात मागच्या खोलीत कोणी घडवले, हे विचारायची मात्र कुठे पद्धत नाही. कवळीवाले काका उभी हयात त्या मागच्या खोलीत बसले. खोलीला एकच खिडकी, तीही बोळात उघडणारी. खिडकीखाली टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे रांगेत मांडलेले, मेण वितळवायचा छोटा दिवा, आणि दात घासून गुळगुळीत करणारं एक गरगरतं यंत्र, ज्याच्या आवाजाने पुढच्या खोलीतले लोक विनाकारण खुर्ची घट्ट धरून बसत. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. काकांचं तेवढ्यावरच भरलं, आणि लेकीचं लग्नही त्यातच निघालं.

हे काम नजर वर करू देत नाही. एक दात केसभर उंच राहिला तर समोरच्या माणसाला धड घास चावता येत नाही, आणि तो चिडतो डॉक्टरवर, डॉक्टर चिडतात काकांवर. त्यामुळे मान खाली. मान खाली घालून काम करणारा माणूस म्हणून लोक त्यांचं कौतुक करत राहिले, आणि हळूहळू ती मान वर यायची थांबली. हाडांच्या डॉक्टरने फोटो उजेडात धरला आणि मानेचे मणके एकमेकांना चिकटलेत म्हणून सांगितलं. दुखणं कमी होईल, पण मान आहे तिथेच राहील. घरी येऊन काका म्हणाले, "इतकी वर्षं नाकासमोर चाललो, आता नाकाखाली चालेन." काकूंना हसू आलं नाही. त्यांनी त्या दिवशी वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली आणून ठेवले.

आता असल्या माणसाला छंद कसला असावा? जगातल्या उंचच उंच इमारतींचा. खऱ्या नव्हेत, बोटाएवढ्या, त्या इमारतींच्या दारात पर्यटकांना विकतात तसल्या. घरात पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांनी भरली होती. घुमट, मनोरे, राजवाडे, पूल, तो जगप्रसिद्ध वाकडा मनोरा. यातली एकही इमारत काकांनी स्वतः पाहिलेली नव्हती.

सुरुवात झाली एका म्हाताऱ्या खलाशापासून. आयुष्यभर जहाजांवर इंजिनं सांभाळलेला माणूस. त्याची कवळी तुटली, काकांनी ती बसल्या बैठकीत सांधली, तेव्हा त्याने खुशीने खिशातून लोखंडी मनोऱ्याची एक छोटी प्रतिकृती काढून टेबलावर ठेवली. काकांनी सहज विचारलं, "खरा केवढा आहे हो?" कवळी अजून काकांच्या हातात होती, त्यामुळे खलाशाला धड बोलता येईना. तो उठला. पाय फाकवून उभा राहिला आणि त्याने मान मागे न्यायला सुरुवात केली. नेली, आणखी नेली. टोपी पडली तरी नेत राहिला. त्या कळकट खोलीत, छताकडे बोळकं उघडं टाकून तो म्हातारा असा उभा होता की जणू छत तिथे नव्हतंच. काकांच्या अंगावर काटा आला. तेव्हा त्यांची मान अजून थोडी हलत होती. त्यांनीही वर पाहिलं, आणि त्यांना वरती फक्त पंखा दिसला.

तेव्हापासून काकांचा नियम पडला. इमारत ज्याने आणली त्याने ती स्वतः तिच्यासमोर उभं राहून पाहिलेली हवी, आणि देताना एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं: "मान किती मागे गेली?" नुसतं सांगून चालत नसे, उभं राहून दाखवायला लागे. एकदा भाच्याने झकास सोनेरी राजवाडा आणला. उत्तर देताना त्याची मान इकडेतिकडे वळली, मागे काही जाईना. "विमानतळावर घेतलास ना?" काकांनी विचारलं. तो राजवाडा पुढे कित्येक वर्षं स्वयंपाकघराचं दार आपटू नये म्हणून खाली लावलेला होता.

भिंतीवरची मांडणीही मानेच्या हिशोबाने. जेवढी मान जास्त मागे, तेवढी इमारत वरच्या फळीवर. त्यामुळे पाहणाऱ्याला काही टोटल लागत नसे. हातभर उंचीचा खांब खालच्या फळीवर, आणि सगळ्यांच्या वर अंगठ्याएवढं एक दगडी प्रार्थनागृह. ते एका शाळेतल्या निवृत्त बाईंनी दिलं होतं. दात बसवून घ्यायला आल्या होत्या, माप घेताना तोंडात मेण. मेण काढल्यावर म्हणाल्या, "मान नाही गेली हो मागे. आत पाऊल टाकलं आणि गुडघेच गेले. मी खालीच बसले." हे सांगताना त्या पुन्हा खुर्चीत जरा खाली घसरल्या. काका बराच वेळ हातातलं माप विसरून उभे होते. मेण वाकडं थिजलं आणि बाईंना पुन्हा तोंड उघडायला लागलं.

काकू या सगळ्याला "पसारा" म्हणत. पण धूळ त्याच झाडत, काकांच्या कामातून बाद झालेल्या बारीक ब्रशने, खिडक्याखिडक्यांतून. "जगातल्या सगळ्या राजांची घरं मीच झाडते," त्या शेजारणीला सांगत, "आणि एकाने कधी चहा विचारला नाही." झाडताना एखादा कळस मोडला की काका तो हिरड्यांसाठी वापरायच्या गुलाबी मसाल्याने जोडून देत. अर्ध्या जगाच्या शिखरांना अशा हिरड्या फुटलेल्या होत्या. एकदा दुरुस्तीला नेलेला पांढरा घुमट कवळीच्या डबीत गेला, आणि कवळी भिंतीवर आली. पुढच्या खोलीतून डॉक्टर उघडी डबी घेऊन आत आले आणि शांतपणे म्हणाले, "काका, हा कुठल्या जबड्याला बसवू?"

सगळ्यात वरच्या फळीच्या मध्ये, त्या प्रार्थनागृहाशेजारी, एक जागा मात्र मोकळी होती. ती देशाच्या राजधानीतल्या जुन्या दगडी मनोऱ्याची. इतर इमारती समुद्रापलीकडच्या. हा एकच असा होता की सकाळी गाडीत बसलं तर दुसऱ्या दिवशी पोचता येईल. तो काकांना दुसऱ्याच्या मानेने नको होता. कितीजणांनी आणून दिला, त्यांनी हात जोडून परत केला. "हा मी बघणार," म्हणत. म्हणता म्हणता मान गेली.

आणि लेकीचं घर नेमकं त्याच शहरात. दर फोनवर ती बोलवायची. काका म्हणायचे काम फार आहे. पुढे काम सोडलं तेव्हा म्हणायचे थंडी फार आहे. खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण काकूंपासून काय लपतंय. काका घाबरले होते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि दिसणार काय, तर दार आणि लोकांचे जोडे. गेलो नाही तर मनोरा निदान मनात उभा तरी राहील, असा त्यांचा हिशोब होता.

शेवटी काकूंनीच तिकिटं काढली. "मला माझ्या लेकीला भेटायचंय," त्या म्हणाल्या, "तुम्ही सामान धरायला चला."

निघताना काकांनी सदऱ्याच्या खिशात गुपचूप एक वस्तू टाकली. दाताचे डॉक्टर तोंडात घालून मागच्या दाढा बघतात, तो लांब दांड्याचा गोल आरसा. कित्येक रात्री विचार करून त्यांनी हा तोडगा काढला होता. मान जात नाही ना, मग नजर आरशातून वर पाठवायची. मागची दाढ दिसते, तर मनोरा का दिसणार नाही? एवढा सोपा उपाय आजवर सुचला नाही म्हणून ते वाटेत स्वतःशीच हसत होते.

मनोऱ्याच्या चौकात पोचले तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. माणसांची ही गर्दी. काकांना फरसबंदी दिसली, जोडे दिसले, आणि मग पायथ्याचे दगड. एकेक दगड त्यांच्या मागच्या खोलीएवढा. दगडांच्या सांध्यात पातं शिरणार नाही इतके ते नीट बसवलेले होते, आणि दातांवर दात बसवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला त्याची किंमत कळली. त्यांनी हात लावला. दगड उन्हातही गार होता. आजूबाजूचे लोक वर पाहत "बाप रे" म्हणत होते, आणि काका त्यांच्या हनुवट्यांकडे पाहत होते. सगळ्या हनुवट्या आभाळाकडे गेलेल्या.

लेकीने पाठीमागून आधार दिला. काका कमरेतून मागे झुकले, नजर पहिल्या खिडक्यांपर्यंत गेली, तोल जायला लागला. मग त्यांनी खिशातून आरसा काढला.

दांडा छातीशी धरला, आरसा फिरवला, हवा तसा कोन जमेना, आणि एकदम जमला. दिसला. पायथ्यापासून टोकापर्यंत, अख्खा, निळ्या आभाळात. काका पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. आरसा नाण्याएवढा, आणि त्यात मनोरा नखाएवढा. भिंतीवर होते त्यांतलाच आणखी एक, तोही सगळ्यांत लहान.

"दिसला का?" लेकीने विचारलं.

"दिसला," काका म्हणाले. आरसा खिशात ठेवताना त्यांना खिसा सापडेना. "चला घरी."

काकूंनी तो चेहरा पाहिला. त्यांनी या माणसासाठी उंच फळ्यांवरचे डबे खाली आणले होते, त्यांचे केस कापले होते, रात्री त्यांच्या डोक्याखाली दोन उशा सरकवल्या होत्या, आणि इतक्या लांब येऊन हे "चला घरी" ऐकायला त्या आल्या नव्हत्या. त्यांना राग आला. रागात त्यांना नेहमीच नीट सुचत असे.

"आडवे व्हा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"घरी पलंगावर पडलात की छत दिसतं ना तुम्हाला? पाल कुठे बसलीय ते मला सांगता रोज. मग इथे पडा."

"आई, इथे?" लेक म्हणाली. "लोक बघतील."

"लोक मनोरा बघायला आलेत. तुझ्या बापाला कोण बघतंय?"

काका आधी गुडघ्यांवर बसले, मग कुशीवर, मग पलंगावर होत तसे बेताबेताने पाठीवर, पाय मनोऱ्याकडे करून. डोकं अधांतरी राहिलं, तेव्हा काकूंनी हातातली पिशवी त्याखाली सरकवली. पिशवीत लेकीसाठी आणलेले लोकरीचे कपडे होते, ते उपयोगी पडले. धुवट पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा भर चौकात उताणा पडलेला पाहून पहारेकरी धावत आला. "चक्कर आलीय का? उठवा त्यांना, इथे झोपायला परवानगी नाही."

"झोपलेले नाहीत," काकू म्हणाल्या. "बघतायत."

पहारेकऱ्याने काकांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो काकांच्या उशाशी उभा राहिला आणि गर्दीला हाताने दोन्ही बाजूंनी पुढे घालवू लागला.

काका ऐकत नव्हते. मधे आरसा नव्हता, फळी नव्हती, कोणाची मान नव्हती. दगड त्यांच्या तळपायांपासून सुरू होत होता आणि वर जात होता, आणि तो संपेल असं वाटलं तिथून पुन्हा वर जात होता. खिडक्या बारीक होत गेल्या, मग रेघा झाल्या, मग तेही कळेना. पक्षी त्याच्या अर्ध्यातच घिरट्या घालत होते. त्याच्याही वर, जिथे डोळा पोचायला नको होता तिथे, कठड्याशी मुंगीएवढं काहीतरी हललं, आणि ते माणूस होतं. माणसांनी हे हातांनी केलं होतं. एकावर एक दगड ठेवत, कोणीतरी तिथपर्यंत गेलं होतं. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानांत जात होतं आणि त्यांना ते पुसायचं सुचत नव्हतं.

मग वारा सुटला. डोक्यावरून ढग मनोऱ्याच्या टोकामागे सरकू लागले, आणि बघता बघता ढग जागच्या जागी थांबले आणि मनोरा कलायला लागला. अख्खाच्या अख्खा, सावकाश, त्यांच्या अंगावर. काकांनी फरसबंदीवर बोटं रुतवली. मग हात चाचपत काकूंकडे नेला. काकू शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी तो हात घेतला. तो गार पडला होता.

"पडतोय," काका म्हणाले.

काकूंनी वर पाहिलं. "पडत नाहीये. ढग पळतायत."

"माहीत आहे मला," काका म्हणाले. डोळे त्यांनी मिटले नाहीत. "तरी सोडू नकोस."