एक नग शॉर्टेज

आमच्या काळेवाडीच्या घरातून कुणी गावाला निघालं, की माझे सासरे दारात स्टूल टाकून बसत आणि बाहेर जायची वाटच अडवत. खिशाला दोन पेनं, पायात काळे मोजे, मांडीवर पॅड आणि पॅडला लावलेली सामानाची यादी. आधी भोसरी आणि मग चाकण, अशी सगळी नोकरी आबांनी कारखान्यांच्या डिस्पॅचमध्ये, माल बाहेर पाठवायच्या खात्यात काढली होती. गेटपासशिवाय खिळासुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. निवृत्त होताना कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ही सवय फुकट बरोबर पाठवली. "गाडी लागली का?" ते विचारत. "मंग माल दाखवा."

आबा चांगले होते, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगायला जमेलच असं नाही. सात वर्षं मी त्यांच्यावर दात धरून होते आणि शेवटी सूडही घेतला. तो कसा घेतला आणि कसा माझ्याच अंगावर आला, तेच सांगायला बसले आहे.

यादीतली एखादी वस्तू बॅगेत नसली, की आबा पेनाचं टोक पॅडवर आपटत आणि ओरडत, "शॉर्टेज!" तेही अशा आवाजात, की समोरच्या फ्लॅटचं दार उघडायचं. "एक नग टॉवेल, शॉर्टेज. एक नग लेकराचं स्वेटर, शॉर्टेज. सूनबाई, पाकिंग कुणी केलंय?" पॅकिंग मीच केलेलं असे आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असे. नवरा अशा वेळी गाडीच्या टायरमधली हवा बघायला खाली जाई. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण त्या गाडीच्या टायरमधली हवा कधी कमी झाल्याचं मला आठवत नाही.

मी विसरत असे, हे खरं. पण कशी विसरत असे, ते कुणी विचारलं नाही. मोजे काढायला कपाट उघडावं, तर मोज्यांमागे माझ्या लेकीचं, सईचं, फाटलेलं पुस्तक सापडे. ते चिकटवायला डिंक शोधावा, तर डिंकाच्या डब्यात घराची हरवलेली किल्ली. किल्ली जागेवर ठेवायला जावं, तर तिथल्या खिळ्यावर धूळ. तासाभरानं मी माळ्यावरच्या पणत्या पुसत बसलेली असे आणि बॅग पलंगावर आ वासून पडलेली. यादी मीही करत असे, पण ती यादीच कुठे ठेवली ते आठवत नसे. कंपनीत मात्र माझं असं होत नसे. चाकणलाच एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी तपासणीला आहे. केसाएवढा चरा असला तरी तो भाग माझ्या हातून सुटत नाही.

एकदा चुलत नणंदेच्या साखरपुड्याला सोलापूरला गेलो आणि सईच्या कपड्यांची अख्खी बॅग घरीच राहिली. त्या दिवशी आबा आमच्या आधीच गेले होते, म्हणजे दारात तपासायला कुणी नव्हतं. पोर दोन दिवस कुणाच्या तरी ढगळ फ्रॉकमध्ये वावरली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. आबांना वाटलं. त्यानंतर प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला त्यांनी ती गोष्ट सांगितली, आणि दर वेळी फ्रॉक आणखी ढगळ होत गेला. शेवटी ते सईच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, "बाळा, आईच्या भरवशावर राहू नगंस."

पोरीनं ते मनावर घेतलं. आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो. चादर काढायला मी तिच्या पलंगाखाली वाकले, तर तिथं तिचं दप्तर दिसलं. आत दोन फ्रॉक, चड्ड्या, दात घासायचा ब्रश, खोकल्याची बाटली, सगळं घडी घालून. आठ वर्षांची माझी लेक, मला कळू नये म्हणून पलंगाखाली स्वतःची बॅग भरून ठेवत होती. मी ते दप्तर तसंच आत सरकवलं आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. त्या दिवशी ठरवलं, की एक दिवस या माणसाचा एक नग शॉर्टेज निघेल आणि तो चार लोकांत मी ओरडून सांगेन.

पुढे, वर्गात तिचं लक्ष नसतं असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून सईला चिंचवडला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोरीला सोडून मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. लहानपणी शाळेत काय व्हायचं, गॅसवर दूध किती वेळा उतू जातं, बोलता बोलता दुसऱ्याचं वाक्य तोडता का. सईला काही नव्हतं. लक्ष एका जागी ठरू न देणारा एडीएचडी मला होता, जन्मापासून, आणि छत्तिसाव्या वर्षी त्याला नाव मिळालं. घरी येऊन मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. आबांनी भात कालवत ऐकून घेतलं. "आमच्या टायमाला याला येंधळेपणा म्हणायचे," ते म्हणाले. "आन् त्याच्यावर गोळी नव्हती, गेटपास होता."

त्यांच्या गेटपासवर उतारा मला माझ्याच कारखान्यात मिळाला. आमच्या लाइनवर हत्यारांचा एक फळा आहे. प्रत्येक पान्याची, प्रत्येक हातोडीची बाह्याकृती त्यावर रंगवलेली. हत्यार जागेवर नसलं, की रंगवलेली आकृती उघडी दिसते. वाचायला काही लागत नाही. रोज डोळ्यांसमोर असूनही ते डोक्यात शिरायला मला अकरा वर्षं लागली. मी एक जुनी पांढरी चादर हॉलमध्ये अंथरली आणि मार्करनं त्यावर सईचे बूट, टॉवेल, चार्जर, औषधाचा डबा, कपड्यांच्या घड्या, सगळ्याच्या आकृत्या काढल्या. वस्तू आकृतीवर ठेवायची. चादरीवर एकही आकृती उघडी राहिली नाही, की मगच बॅग भरायची. सईला हा खेळ फार आवडला. "आई, हा बूट डावा आहे, उजव्यावर ठेवलास," असं ती मला सांगू लागली. पलंगाखालचं दप्तर तिनं कधी बाहेर काढलं ते मला कळलंही नाही.

चादरीनंतरचा पहिला मोठा प्रवास म्हणजे आबांच्या पुतण्याचं लग्न, लातूरजवळच्या त्यांच्या गावी. सकाळी आबा दारात बसले. पॅडवरची यादी वरून खाली झाली, खालून वर झाली. त्यांनी बॅगा उलट्या केल्या, कप्पे चाचपले, सुईदोरासुद्धा मागितला. तोही निघाला. "दुबार तपासावं लागंल," ते पुटपुटले. मी हाताची घडी घालून उभी राहिले. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

त्या सुखातच हात धुवायला बेसिनपाशी गेले, तर वरच्या फळीवर निळी डबी दिसली. आबांची कवळी. घरात ते ती लावत नसत. ती फक्त लग्नकार्यासाठी आणि फोटोसाठी. नवीन करून घेतली होती आणि महिनाभर भावाला फोनवर सांगत होते, "औंदा कडक धपाटे खातो, बघ." जगाचा माल तपासणाऱ्या माणसाचा माल तपासायला कुणी नव्हतं. मी, जिला स्वतःच्या डोक्यावरचा चष्मा सापडत नाही, तिला ती डबी स्वच्छ दिसली. मी हात पुसले, दिवा मालवला आणि येऊन गाडीत बसले.

लग्नाच्या पंगतीत आबा मधोमध, डोक्याला फेटा. धपाटे आले, शेंगदाण्याची चटणी आली, भाऊबंद मुद्दाम बघायला उभे राहिले. आबांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. मी ते खाली ठेवलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "शॉर्टेज! एक नग कवळी!"

मांडव हसला. नवऱ्याला इथं बघायला टायरही नव्हते. आबांनी फेट्याचा शेव तोंडावर धरला आणि तेही हसल्यासारखं करू लागले. सात वर्षांचा राग एका घोटात उतरला आणि मला अगदी हलकं वाटलं.

सई माझा पदर ओढत होती. "आई, डबी मीपण बघितली होती फळीवर," ती कानात म्हणाली. "पण मला वाटलं, आता तू आहेस ना. तू घेतली असशीलच."

मी तिथंच आबांच्या पानासमोर बसले आणि त्यांचे धपाटे वरणात कुस्करायला लागले. सई बघत होती, म्हणून मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

परत येताना टेंभुर्णीला चहाला थांबलो, तेव्हा नवरा आणि सई दुकानात गेलेले बघून मी आबांना सांगून टाकलं.

"बघितली व्हतीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् सोडलीस?"

"हो."

त्यांचं बिस्किट चहात गळून पडलं. ते चमच्यानं काढत ते म्हणाले, "म्या तुझ्या जागी असतो, तर डबी माळ्यावर फेकली असती." मग चहा ढवळत विचारलं, "पर लेकराला काय सांगशील?"

लेकराला मी खरं सांगितलं. पुढच्या प्रवासाला तिनं स्वतःची बॅग पुन्हा स्वतः भरली, फक्त या वेळी माझ्यासमोर. आबांनी चादरीच्या कोपऱ्यात डबी ठेवली आणि म्हणाले, "हिचंबी चित्र काढ. पक्क्या शाईनं काढ." माफी मी मागितली नाही. फ्रॉकची गोष्ट त्यांनी त्यानंतर कुठं सांगितली नाही, पण माफी त्यांनीही मागितली नाही.

मागच्या थंडीत आबा गेले. दुपारी घर माणसांनी भरलेलं, कुणी फुलं आणायला गेलेलं, कुणी भटजींना फोन लावत होतं. खालून कुणीतरी ओरडलं, "गाडी लागलीय!" आणि इतक्या रडारडीत मला हसू फुटलं. चौघांनी आबांना उचललं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत सई माझ्याकडे आली. तेरा वर्षांची झालीय आता, माझ्या खांद्याला लागते. "आई," ती घाईनं म्हणाली, "आबांची कवळी..."

मी मूठ उघडली. निळी डबी सकाळपासून माझ्या हातात होती. झाकणाची कड तळव्यात रुतली होती.

सईनं डबीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मी दार अडवलं. "थांबा," म्हटलं, "एक नग राहिलाय." कवळी मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, दोन पेनांच्या शेजारी, आणि मग बाजूला होऊन त्यांना जाऊ दिलं.