आजार कळला, आई कळली नाही

आई घरातल्यांना विसरू लागली, तेव्हा अशा रुग्णांना सांभाळणाऱ्यांचा एक मराठी फोरम असल्याचं मला कळलं. आत शिरायला आपल्या माणसाबद्दल देवनागरीत एक पान लिहून द्यावं लागे. मरोळच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मराठी टायपिंग शिकले. पान पुरं व्हायला आठवडा गेला आणि ते परत आलं. फोरम चालवणारे मुलुंडचे निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी खाली लिहिलं होतं, ‘आजार कळला. आई कळली नाही. पुन्हा लिहा.’

राग आला, तरी लिहिलं. ती रेडिओवरच्या बातम्यांना उलट उत्तरं द्यायची, मासळीत तिला मांदेलीच लागायची, असलं काहीबाही.

आत जेमतेम साठ माणसं होती, पण पान वाचून सगळ्यांना माझी आई ठाऊक होती. घाटकोपरच्या एक ताई नवऱ्याला सांभाळत होत्या. आई आंघोळीला तयार नाही असं मी लिहिलं, की त्या विचारायच्या, ‘रेडिओ लावून बघितलास का?’

आई गेली, मी तिथेच राहिले. पुढे सरांची नजर अधू झाली आणि फोरम माझ्याकडे आला. मी ते पान लिहून घेणं बंद केलं.

“लोक आधीच पिचलेले असतात सर, त्यांची परीक्षा कसली घ्यायची?”

“तू बघ,” सर म्हणाले.

नुसता मोबाइल नंबर दिला की प्रवेश. माणसं लोटली. सोबत सुविचार, फुलांचे फोटो, तेलांच्या जाहिराती.

एका सकाळी ताईंनी लिहिलं, की यजमान दार उघडं बघून बाहेर पडले आणि दोन दिवसांनी शवागारात सापडले. खाली पहिलं उत्तर होतं ‘शुभ सकाळ’. दुसऱ्याने विचारलं, ‘कडी लावली नव्हती का?’ तिसऱ्याने स्मरणशक्तीच्या काढ्याचा फोटो टाकला.

दुपारी ताईंचा फोन आला. “माझं लिहिलेलं काढशील का गं? आणि मलाही काढ.”

मी मुलुंडला गेले. “पान परत सुरू करते सर.”

ते म्हणाले, “एका बाईंनी दोनच ओळी पाठवल्या होत्या. मी परत केल्या. त्या पुन्हा आल्याच नाहीत. त्यांच्याच्याने तेवढंच लिहवलं असेल, हे मला फार उशिरा सुचलं.”

तरी मी पान सुरू केलं. आता कुणी पाठवत नाही. ताईंना फोन केला की भाजी काय केली ते सांगतात. फोरमचा विषय काढला की म्हणतात, “राहू दे गं.”