काचेतलं ऊन

माझे सासरे खिडक्यांना काचा बसवतात, गेली चाळीस वर्षं. नुसता हात लावून काच किती जाडीची ते सांगतात, कुणी विचारलेलं नसलं तरी सांगतात. बाकी बोलणं मोजकंच.

मुलगी झाली तेव्हा त्यांनी गॅलरी स्वतःच्या हातांनी काचेने बंद करून दिली. "वारा नको, ऊन हवं," एवढंच म्हणाले. मी रोज सकाळी तासभर तिथे बसून तिला पाजायची. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. मीही फुशारले होते.

नऊ महिने झाले तरी पोरगी पायांवर भार देईना. उभं धरलं की पाय मुडपून घ्यायची. डोकं सारखं घामेजलेलं. "बापावर गेलीय, आळशी," म्हणत आम्ही हसण्यावारी नेलं. शुद्ध मूर्खपणा!

शेवटी डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला, दोघींचं रक्त तपासलं. पोरीला मुडदूस झाला होता, हाडं मऊ राहिली होती. ड जीवनसत्त्व तिच्यात नव्हतं आणि माझ्यातही नव्हतं. मी लगेच विचारलं.

"माझं दूध कमी पडलं का हो?"

"दूध छान आहे, बंद करू नका. पण आईच्या दुधात हे जीवनसत्त्व थोडंच असतं. म्हणून बाळाला वरून थेंब द्यायचे असतात."

"पण ती रोज उन्हात असते," सोबत आलेले सासरे म्हणाले. "गॅलरीला मी काच बसवलीय."

"काचेतून ऊब येते, काका. हे जीवनसत्त्व बनवणारे किरण काचेतच अडतात."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. घरी येऊन जेवलेही नाहीत. "जन्म काचेत गेला अन् एवढं ठाऊक नाही मला," हेच चालू. शेवटी मी चिडले. "बाबा, पुरे आता! मला तरी कुठे ठाऊक होतं?"

पोरीला थेंब सुरू झाले, मला गोळ्या. तीन महिन्यांनी दोघींची पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरबाई एक्स-रे उजेडात धरून हसल्या. "हाडं छान भरताहेत. पाय सरळ राहतील." पोरगी त्यांच्याच टेबलाची कड धरून उभी होती. माझा जीव भांड्यात पडला.

आम्ही निघालो, पण सासरे खुर्चीवरून हलेनात.

"बाबा, चला. झालं."

"झालं कुठे?" ते डॉक्टरबाईंकडे वळले. "हिच्या हाडांचं काय? जिना चढताना कंबर धरते, मी बघतो ना रोज. हिचा रिपोर्ट कुठाय?"

कंबरेचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी माझा कागद पुढे ओढला. तोही चांगलाच आला होता. पण तोवर मला रडू आवरेनासं झालं होतं.