घरगणतीतली रिकामी गल्ली

गेल्या वर्षी शाळेतून मला घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत घरगणतीचं काम लागलं. त्या गल्लीत एरवी अंग चोरून चालावं लागतं. त्या दुपारी मात्र एकही माणूस नव्हता. दारं सताड उघडी, पंखे चालू. एका घरात चहा उतू जात होता. मी आत जाऊन गॅस बंद केला.

शेवटच्या घरात एक म्हातारी खाटेवर बसली होती. भिंतीकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "बाय, तुका आवाज येता?"

मी भिंतीला कान लावला. पलीकडे, डोंगरात, खडी घरंगळल्यासारखं काहीतरी सरकत होतं.

"सगळी खाली पळाली. माका चालूक जमणा नाय. सून माणसां आणूक गेली हा."

तिला पाठंगुळी घेऊन मी पायऱ्या उतरले. खाली रस्त्यावर अख्खी गल्ली लेकराबाळांसकट वर बघत उभी होती. सून धावत आली आणि रडायलाच लागली.

डोंगर त्या दिवशी खाली आला नाही. संध्याकाळी एकेक कुटुंब परत वर चढू लागलं.

"जाऊ नका ना," मी सुनेला म्हटलं.

"मग कुठे जाऊ, मॅडम?" ती म्हणाली, आणि दोघा शेजाऱ्यांनी तिच्या सासूला उचललं.