डावीकडची मुलगी

"डावीकडची ती काढून टाक," सर म्हणाले.

पडद्यावर आम्ही चार मुली होतो, रिलेच्या. डावीकडची मी. हातात बॅटन, तोंडभर हसू. आणि फोटो कापायला संगणकासमोर बसलेलीही मीच. माहीत होतं त्यांना. माझ्या मागे उभं राहून त्यांनी काचेवर बोट टेकवून दाखवलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बनारसच्या एका विद्यापीठात क्रीडा विभागाचं पहिलंवहिलं वेबपेज बनत होतं. धावणं सुटल्यावर मी कॉम्प्युटर शिकले होते, म्हणून काम मला मिळालं. कंत्राटी. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, विदर्भातून आलेले. ते अंथरुणाला खिळलेले आणि घर माझ्यावर. सर विभागप्रमुख. संकठा घाटाजवळचं जुनं मराठी घराणं. माझ्या तोंडून मराठी ऐकून केवढे खूश झाले होते! "अरे, ही तर आपली निघाली." आमचं आडनाव सगळ्या जातींत सापडतं. सरांनी सोयीची जात धरली.

गणपतीत घरी जेवायला बोलावलं. मी पंगतीत बसले. सरांच्या आई वाढत होत्या. "तुमचं कुलदैवत कुठलं गं?" त्यांनी सहज विचारलं. मीही सहज सांगून टाकलं, "आमच्यात कुलदैवत नसतं, आजी. आम्ही बौद्ध. सारनाथला जातो."

वरणाची पळी माझ्या पानावर आली होती. ती तशीच शेजारच्या पानाकडे गेली. ऊठ म्हणून कुणी म्हणालं नाही. सर खाली मान घालून भात कालवत राहिले. मी कोरडा भात गिळला. घरी येऊन सगळा ओकले.

त्यानंतर सर माझ्याशी मराठी बोलेनात. "सुनिए, ये कर दीजिए." बस्स. माझी खुर्ची खिडकीजवळून हलली. मी आत गेले की खोलीतलं बोलणं थांबायचं. म्हणून त्या दिवशी ते पुन्हा मराठीत बोलले तेव्हाच मी सावध झाले.

"फोटो जड आहे," सर म्हणाले. "पान उघडायला वेळ लागतो."

"लहान करते ना, सर. कापायला कशाला हवा?"

"तुझं कंत्राट दिवाळीपर्यंतच आहे. पुढं हवंय ना?" आवाज अगदी मऊ. घरच्यासारखा.

मी माउस धरला. चौकट ओढत आणली. रेघ माझ्या खांद्यावर येऊन थांबली. तिथं शेजारच्या मैत्रिणीचा हात होता. मी गेले असते तर तिचा हात मनगटापाशी तुटून तसाच लटकत राहिला असता. शर्यत आम्ही चौघींनी जिंकली होती. शेवटचा टप्पा मी धावले होते.

मी चौकट काढून टाकली. फोटो वेबपेजवर अख्खा चढवला. खाली चौघींची नावं, आडनावासकट.

"उतरव ते," सर म्हणाले. मऊपणा गेला होता.

"नाही उतरवणार."

"दुसरा माणूस आणून उतरवून घेईन."

"आणा."

त्यांनी खोलीची किल्ली मागितली. मी टेबलावर ठेवली आणि खुर्चीवरून उठले. बाबांना काय सांगायचं ते मला कळत नव्हतं. घाबरलेही होते. पण एक पक्कं झालं, ते आजही तसंच आहे. मला पुसून टाकायचं काम मी कुणासाठी करणार नाही, पगार घेऊन तर नाहीच. ज्याला पुसायचंय, त्यानं माझ्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या हातानं पुसावं.